उदारमतवाद समजून घेताना: नव्या वाचकासाठी पायऱ्या

राज्यशास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या, परंतु रोजच्या राजकीय वादांत 'लिबरल' हा शब्द कधी बिरुदासारखा तर कधी शिवीसारखा ऐकून त्यामागे नेमका कोणता विचार आहे हे जाणून घ्यावेसे वाटणाऱ्या वाचकासाठी हे मार्गदर्शन आहे. असा वाचक बहुधा कोश उघडतो. तेथे त्याला व्यक्तिस्वातंत्र्य, सहिष्णुता, कायद्याचे राज्य, मर्यादित शासन, खासगी मालमत्ता असे शब्द ओळीने मांडलेले सापडतात. त्यात चूक काहीच नसते. मात्र हे शब्द एकमेकांच्या सोबतीला कसे आले आणि मालमत्तेचा कैवार घेणारा व पेन्शन मागणारा असे दोघेही स्वतःला उदारमतवादी कसे म्हणवतात, याचा उलगडा त्यातून होत नाही.

म्हणून व्याख्या पाठ करण्याऐवजी दोन प्रश्न हाताशी ठेवून वाचायला बसावे, असे मी सुचवीन. समोरचा विचारवंत कोणाला कोणापासून वाचवू पाहतो आहे, हा पहिला प्रश्न. आणि हे संरक्षण देताना त्याने कोणाला वगळले आहे, हा दुसरा. उदारमतवादाचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांच्या आधारे बऱ्यापैकी सरळ वाचता येतो.

पहिली पायरी: पक्षांच्या नावांवर विसंबू नये

अमेरिकेत 'लिबरल' म्हटले की सरकारी आरोग्यसेवा आणि सामाजिक योजना यांचा पुरस्कर्ता डोळ्यांपुढे येतो, तर युरोपातल्या अनेक देशांत तोच शब्द खुल्या बाजाराच्या समर्थकाला लावतात. ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष आणि जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष हे दोन्ही आपापल्या देशांत उजवीकडचे मानले जातात. राजकीय गटाचे नाव म्हणून हा शब्द स्पेनमध्ये १८१० ते १८१२ च्या सुमारास, कादिझ येथील संसदेत राजाच्या अनियंत्रित सत्तेला विरोध करणाऱ्यांसाठी रूढ झाला; म्हणजे विचार जुना आणि नाव नवे. एवढे ध्यानात ठेवून पुढे जावे.

दुसरी पायरी: आरंभ भीतीपासून करावा

उदारमतवादाची सुरुवात स्वातंत्र्याच्या ओढीतून झाली असे सर्रास सांगितले जाते. माझ्या मते ती धार्मिक रक्तपाताच्या धास्तीतून झाली. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांत मध्य युरोप कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्षात होरपळला होता. १६८५ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेली धार्मिक मोकळीक रद्द केली आणि लाखो माणसे परागंदा झाली. त्या वेळी जॉन लॉक (१६३२–१७०४) हा इंग्रज विचारवंत राजरोषाच्या भीतीने हॉलंडमध्ये आश्रयाला राहत होता, आणि तेथेच त्याने धार्मिक सहिष्णुतेविषयीचे आपले लॅटिन पत्र लिहिले. ते १६८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

नव्या वाचकाने लॉकचे मोठे ग्रंथ बाजूला ठेवून आधी हे पत्र वाचावे, कारण ते लहान आहे आणि त्यातला युक्तिवाद आजही हाताळून पाहता येतो. राजाच्या हाती बळ आहे, पण बळाने माणसाच्या मनात श्रद्धा उत्पन्न करता येत नाही. तलवारीच्या धाकाने फार तर ढोंग उत्पन्न होते. शिवाय खरा धर्म कोणता हे राजानेच ठरवायचे म्हटले, तर जितके राजे तितके खरे धर्म होतील. तेव्हा शासनाने माणसाचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळावी. त्याच्या आत्म्याचा ठेका घेऊ नये. त्यानंतर शासनाविषयीच्या त्याच्या दुसऱ्या प्रबंधातील नैसर्गिक अवस्थेचे (म्हणजे शासन नसतानाच्या माणसांच्या स्थितीचे) दुसरे, मालमत्तेचे पाचवे आणि शासनाच्या विसर्जनाचे एकोणिसावे ही प्रकरणे वाचावीत. सत्ता ही विश्वासाने सोपवलेली ठेव असून तिचा अपहार करणाऱ्या शासनाला दूर सारण्याचा हक्क लोकांना आहे, हे सूत्र त्या शेवटच्या प्रकरणात आहे.

आता दुसरा प्रश्न विचारावा. लॉकच्या सहिष्णुतेत नास्तिकांना जागा नाही, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा ठेवता येत नाही असे तो म्हणतो. परक्या सत्ताधीशाशी धर्माने बांधलेल्यांनाही तो वगळतो, आणि हा रोख पोपला मानणाऱ्या कॅथलिकांकडे होता. ज्याने स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क ठरवला, त्याचेच पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते. हे कळल्यावर लॉकला टाकून देण्याची घाई करू नये आणि झाकून ठेवण्याचीही करू नये. पुढच्या प्रत्येक पिढीने त्याचेच तत्त्व हाती घेऊन त्याच्या यादीतली वगळलेली नावे आत आणली आहेत.

तिसरी पायरी: अठरावे शतक झरझर ओलांडावे, धान्याच्या कायद्यांपाशी मात्र थांबावे

माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्तेला सत्तेनेच आवर घालण्याची, म्हणजे कायदे करणे, राबवणे आणि न्याय देणे ही कामे वेगवेगळ्या हातांत ठेवण्याची कल्पना मांडली. १७७६ मध्ये अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि ॲडम स्मिथचा राष्ट्रांच्या संपत्तीविषयीचा ग्रंथ एकाच वर्षी आले. १७८९ मध्ये फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला आणि त्यात स्त्रियांचे नाव नाही हे ऑलिंप द गूज हिने १७९१ मध्ये, तर इंग्लंडमध्ये मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये ठणकावून सांगितले. पहिल्या वाचनात एवढी रूपरेषा पुरते.

बाजारपेठ आणि स्वातंत्र्य यांचे नाते मात्र पुस्तकी व्याख्येपेक्षा एका लढ्यातून नीट कळते. १८१५ च्या इंग्लिश कायद्याने देशी गव्हाचा भाव क्वार्टरला (हे धान्याचे एक इंग्लिश माप) ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू आत येऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. संसदेत जमीनदारांचा भरणा होता. त्यांच्या खंडाची काळजी हा कायदा घेत होता आणि गिरणीतला मजूर महाग पाव खात होता. मँचेस्टरमध्ये रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी उभारलेल्या चळवळीने हा कायदा १८४६ मध्ये रद्द करवला. या लढ्यातल्या खुल्या व्यापाराचा अर्थ गरिबाला स्वस्त भाकरी असा होता, हे आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल, कारण बाजार म्हणजे श्रीमंतांची बाजू असे समीकरण आपल्याकडे पक्के झालेले आहे.

महाराष्ट्रात हेच तत्त्व उलट्या दिशेने आले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चाकणच्या कांदा उत्पादकांच्या आंदोलनातून शरद जोशी पुढे आले. निर्यातबंदी आणि निर्बंध लादून सरकार शेतमालाचा भाव पाडते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मँचेस्टरच्या मजुराला बंदी उठल्यावर भाव उतरायला हवा होता, चाकणच्या शेतकऱ्याला तो चढायला हवा होता, आणि दोघांचीही तक्रार एकच होती: सत्ताधाऱ्यांनी कायद्याच्या जोरावर एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या ताटात वाढले. बाजारवादी उदारमतवादाचा गाभा येथे सापडतो.

चौथी पायरी: मिलला पुरेसा वेळ द्यावा

एकच पुस्तक वाचण्याची सवड असेल, तर जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) याचा स्वातंत्र्यावरचा १८५९ चा निबंध वाचावा. त्याची प्रकरणे पाचच आहेत. दुसऱ्याला होणारी इजा टाळणे, एवढ्या एकाच कारणासाठी समाजाला कोणा व्यक्तीवर तिच्या मनाविरुद्ध सक्ती करता येते, 'तुझ्याच भल्यासाठी' हे कारण पुरेसे नाही, हे त्याचे तत्त्व पहिल्याच प्रकरणात येते. मात्र वाचनाची सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून केली तर अधिक बरे. तेथे तो विचारतो की, आपल्याला धडधडीत चुकीचे वाटणारे मतही दाबू का नये? उत्तर असे: ते मत खरे असू शकते, पूर्ण खरे नसले तरी त्यात सत्याचा एखादा अंश असू शकतो, आणि ते निखालस खोटे असले तरी त्याच्याशी झुंजावे न लागल्यास आपले खरे मत हळूहळू केवळ पूर्वग्रह होऊन बसते, त्याचा अर्थ विरून जातो आणि उरते ती घोकंपट्टी.

मिलला मर्यादा कळत नव्हत्या असे मात्र समजू नये. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे मत वर्तमानपत्रात छापायला त्याची हरकत नाही. परंतु तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे उच्चारले, तर तो शिक्षेस पात्र अपराध ठरू शकतो असे तो म्हणतो. शब्द तेच, प्रसंग वेगळा. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचा आजचा कोणताही वाद या एका उदाहरणाशेजारी ठेवून पाहावा; निम्मा गोंधळ तेथेच निवळतो.

चौथ्या प्रकरणात मराठी वाचकाने एक तळटीप चुकवू नये. बहुसंख्य समाजाला एखादे खाणे किळसवाणे वाटते म्हणून ते सर्वांवर बंद करता येईल का, या चर्चेत मिल मुंबईच्या पारशांचा दाखला देतो: हिंदू राजांनी त्यांना आश्रय दिला तो गोमांस न खाण्याच्या अटीवर, पुढे मुसलमान सत्ता आल्यावर डुकराचे मांस वर्ज्य करण्याची अट आली, आणि कालांतराने दोन्ही वर्ज्ये त्यांच्या अंगवळणी पडली. हा दाखला त्याच्या हाताशी असण्याचे कारण उघड आहे. १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता.

आणि येथे दुसरा प्रश्न फार टोचतो. आपले तत्त्व मांडून झाल्यावर लगेचच मिल सांगतो की, ते लहान मुलांना लागू नाही आणि ज्यांचा समाजच अजून अप्रगत अवस्थेत आहे अशा लोकांनाही नाही. त्यांची सुधारणा हा हेतू असेल तर त्यांच्यावर एकतंत्री राज्य चालवणे समर्थनीय ठरते. स्त्रियांच्या बाबतीत हाच माणूस आपल्या काळाच्या कितीतरी पुढे होता. संसदेत असताना १८६७ मध्ये त्याने स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली, तरी ७३ जणांनी तिला साथ दिली हे त्या काळी थोडे नव्हते. ज्यांना त्याने रोज कागदोपत्री हाताळले ती कोट्यवधी भारतीय माणसे मात्र त्याच्या यादीबाहेरच राहिली.

पाचवी पायरी: तत्त्व मुंबईच्या न्यायालयात आणून पाहावे

तत्त्वाची पारख करण्यासाठी रखमाबाईंच्या खटल्याइतके उत्तम उदाहरण मला माहीत नाही. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी वैवाहिक हक्क मिळावेत म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जी स्त्री अजाणत्या वयात संमतीविना बांधली गेली आणि कधी पतीसोबत राहिलीच नाही, तिला बळजबरीने पाठवणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात हा निकाल टिकला नाही, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे अथवा सहा महिने कैद भोगावी असा हुकूम दिला. आपण कैद पत्करू, असे रखमाबाईंनी कळवले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

या खटल्याला पहिला प्रश्न लावून पाहावा. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हा दावा मुळात इंग्लिश धर्मन्यायालयांकडून आलेला, म्हणजे परक्या सरकारचा कायदा आणि देशी रूढी यांनी येथे हातमिळवणी केली होती. टिळकांना परक्या सरकारने आपल्या घरगुती व्यवहारात हात घालणे मंजूर नव्हते; १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला, ज्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली, त्यांनी त्याच भूमिकेतून विरोध केला. आगरकरांनी त्या कायद्याची बाजू घेतली. एक जण समाजाला परकीय शासनापासून वाचवत होता, दुसरा मुलीला समाजापासून. शासनाइतकाच, किंबहुना अधिक, जुलूम समाज करू शकतो हा मिलचा इशारा आगरकरांनी पुण्यात अक्षरशः अनुभवला: त्यांच्या हयातीतच विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. माझ्या लेखी येथे उदारमतवादी बाजू आगरकरांची आहे. पण परक्या, बेजबाबदार सत्तेच्या हाती कायद्याचा दंडुका आणखी किती द्यायचा, ही टिळकांची शंका पोकळ होती असे म्हणवत नाही.

सहावी पायरी: साम्राज्याच्या कचेरीतला उदारमतवादी पाहावा

ती शंका किती खरी होती हे लवकरच दिसले. १९०५ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये लिबरल पक्ष सत्तेवर आला आणि मिलचे शिष्यत्व मिरवणारे जॉन मोर्ले भारतमंत्री झाले. गोपाळ कृष्ण गोखले मोठ्या आशेने लंडनमध्ये त्यांना भेटले. त्याच मोर्ले यांच्या कारकिर्दीत १९०७ मध्ये लाला लजपतराय यांना १८१८ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीविना मंडालेला धाडण्यात आले, आणि १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. भारतात संसदीय राज्यपद्धती आणणे हा आपल्या सुधारणांचा हेतू नाही, असे मोर्ले यांनी लॉर्डांच्या सभागृहात उघडपणे सांगितले.

मवाळांची टिंगल करणे यामुळे सोपे झाले, आणि ती भरपूर झाली. परंतु नव्या वाचकाने रानडे आणि गोखले यांना इंग्रजी विचारांचे नकलाकार समजू नये. रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, शासनाने अर्थव्यवहारात हात घालू नये हा इंग्लिश अर्थशास्त्राचा सिद्धान्त सर्व देशांना सरसकट लागू पडत नाही असे दाखवून दिले. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, ते सरकारी बहुमताने पुढच्या वर्षी पाडले. सक्ती आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा बसतो, असे येथे कोणी विचारील. निरक्षर माणसापुढे निवडीचे पर्यायच खुले होत नाहीत, हे त्याचे उत्तर आहे, आणि ते आपल्याला थेट पुढच्या पायरीवर नेते.

सातवी पायरी: घर कोठे दुभंगले ते समजून घ्यावे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये टी. एच. ग्रीन आणि नंतर एल. टी. हॉबहाउस यांनी मांडले की, उपाशी मजूर आणि धनाढ्य मालक यांच्यातला करार कागदावर स्वेच्छेचा असला तरी खरी मोकळीक एकाच बाजूला असते. १९०८ मध्ये लिबरल सरकारने सत्तरीपुढच्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू केले, १९११ मध्ये आजार व बेकारीचा विमा आणला. १९४२ चा कल्याणकारी राज्याचा आराखडाही बेव्हरिज या लिबरलाचाच. दुसऱ्या बाजूने फ्रेडरिक हायेक यांनी १९४४ मध्ये इशारा दिला की, सबंध अर्थव्यवस्थेचे नियोजन हाती घेणाऱ्या शासनाच्या हाती माणसाचे सगळे आयुष्यच जाते. आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधील व्याख्यानात या दोन स्वातंत्र्यांना नकारात्मक आणि सकारात्मक अशी नावे दिली: कोणी आडवे न येणे, आणि स्वतःच्या आयुष्याची सूत्रे स्वतःच्या हाती असणे.

जॉन रॉल्स यांचा १९७१ चा न्यायविषयक ग्रंथ जाडजूड आहे. नवख्याने तो अथपासून इतिपर्यंत वाचण्याचा अट्टाहास करू नये. त्यातला एक विचारप्रयोग मात्र करून पाहावा. आपण कोणत्या जातीत, कोणत्या घरात, किती बुद्धी घेऊन जन्मणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवायला बसलो, तर आपण कोणते नियम पत्करू? जातीची उतरंड जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला या प्रयोगाची धार वेगळी सांगावी लागत नाही. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये त्याला उत्तर दिले की, न्याय्य मार्गाने मिळवलेले कोणाच्याही भल्यासाठी हिरावून घेता येत नाही. या दोघांच्या भांडणाचा निकाल लावण्याची जबाबदारी पहिल्याच वर्षी आपल्यावर घेऊ नये.

आठवी पायरी: राज्यघटना समोर उघडून बसावे

शेवटची पायरी वाचनापेक्षा सरावाची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी, या मसुद्याने खेड्याला नव्हे तर व्यक्तीला मूळ घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. लॉकपासूनच्या परंपरेशी आपल्या घटनेचे नाते या एका निवडीत दिसते. मराठी प्रत घेऊन अनुच्छेद १२ ते ३५ वाचावेत आणि प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिहावे: कोणाचे संरक्षण, कोणापासून? अनुच्छेद १४ आणि २१ शासनापासून वाचवतात हे सहज ध्यानात येईल. अनुच्छेद १७, म्हणजे अस्पृश्यतेची बंदी, आणि दुकाने, विहिरी, तलाव सर्वांना खुले करणारा १५ (२) हे मात्र माणसाला शेजाऱ्यापासून वाचवतात. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे ठरावाने खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करूनच त्याचे पाणी घ्यावे लागले; हा अनुभव असलेल्या माणसाने घटनेत अशी कलमे घालणे स्वाभाविक होते. युरोपातल्या अभिजात जाहीरनाम्यांत यांना जोड सापडणे कठीण.

त्यानंतर १९ (१) आणि १९ (२) शेजारी शेजारी ठेवावेत. पहिल्यात भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात त्यावरील वाजवी निर्बंधांची कारणे आहेत. त्यांपैकी सार्वजनिक सुव्यवस्था आणि अपराधास चिथावणी ही कारणे तसेच 'वाजवी' ही अट, सारे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. यातले कोणते कारण मिलच्या धान्यव्यापाऱ्याच्या कसोटीला उतरते आणि कोणते उतरत नाही, याची स्वतःपुरती नोंद करावी. मालमत्तेचा हक्क या भागात का दिसत नाही, असा प्रश्न पडला तर तो १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघून अनुच्छेद ३०० क मध्ये गेला, हे पाहावे. लॉकचा वाचक यावर हळहळेल, हॉबहाउसचा कदाचित हळहळणार नाही. एवढे झाल्यावर विरोधकांकडे वळावे. मार्क्सचा ज्यूंच्या प्रश्नावरचा १८४४ चा निबंध आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे आंबेडकरांचे घटनासमितीतील भाषण, ही दोन्ही लागोपाठ वाचावीत: राजकारणातली समता आणि जीवनातली विषमता यांच्यातला विरोध दोघांनीही हेरला आहे, आणि त्यातून काढलेली वाट दोघांची सर्वस्वी निराळी आहे.